दुसरी नळी

साप मी फार थोडे पाहिले. पाहिले ते मेलेले. पिशवीत, जेवणाच्या डब्यात, एकदा खताच्या रिकाम्या गोणीत. ज्याला साप चावला त्याला दवाखान्यात आणताना घरची माणसं सापही मारून आणत, आणि डॉक्टर गर्दीत असले की तो माझ्या टेबलावर ठेवत, कारण माझ्या दारावर ‘तपासणी’ अशी पाटी होती.

“पाहा बरं बाई, विषारी हाये का बिनविषारी?”

“मला सापातलं कळत नाही हो. रक्तातलं थोडं कळतं.”

“मंग तपासनी कायची करता?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. गावाचं नाव लिहीत नाही. जिल्ह्यातलं कोणतंही तालुक्याचं गाव समजा. आता निवृत्त आहे. या अंकाच्या संपादकांनी ‘सर्पदंशाचे थरारक अनुभव’ मागितले तेव्हा मी त्यांना सांगितलं की माझ्या वाट्याला थरार आला नाही, कटकट आली. ते म्हणाले, कटकटच लिहा. लिहायला घेतलं आणि त्याच सुमारास मालती सिस्टर गेल्या. त्यानंतर हे पान पुढे सरकेना. दोन ओळी लिहायच्या, चष्मा काढून ठेवायचा, खिडकीतून बाहेर बघत बसायचं. ही कटकट निम्मी त्यांनीच मला दिलेली होती, त्यामुळे त्यांना वगळून लिहिताही येईना.

मालती सिस्टर आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज. मूळच्या नेरच्या, नोकरीची सुरुवात मुकुटबनला झालेली. मी त्यांच्याशी जितकी भांडले तितकी आयुष्यात कुणाशी भांडले नाही. आमच्या भांडणाचा विषय कायम एकच असे, आणि तो बोटभर लांबीचा होता. काचेची नळी.

त्या नळीबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्याकडे घोणस आणि फुरसं हे साप पुष्कळ. त्यांचं विष रक्तावर जातं आणि रक्त गोठायचं थांबतं. हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येत राहतं. डोक्यात किंवा पोटात यायला लागलं तर माणूस हातचा जातो. विष रक्तात भिनलंय की नाही हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. काचेची नवी, कोरडी नळी घ्यायची. तिच्यात रुग्णाचं थोडं ताजं रक्त सोडायचं. खाटेशेजारी स्टँडमध्ये उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी एकदाच आडवी करायची. रक्त घट्ट बसलं असेल तर तूर्त काळजी नाही, पुन्हा काही तासांनी बघायचं. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात आहे, आणि सापाचं इंजेक्शन ताबडतोब सुरू करायचं.

झालं. एवढीच तपासणी. वीज गेली तरी होते, मशीनचा माणूस नागपूरहून यावा लागत नाही. आणि इतकी सोपी आहे म्हणूनच प्रत्येक जण तिची वाट लावतो.

‘हात लावायचा नाही’ याचा अर्थ लोकांना कळत नाही, हे मला नोकरीत कळलं. दह्याला विरजण लावल्यावर भांडं हलवू नये हे ज्या बाईला लहानपणापासून माहीत आहे, तीच बाई दर दोन मिनिटांनी नळी उचलून उजेडात धरायची आणि म्हणायची, “अजून नाई जमलं वो.” जमणार कसं? आमच्या एका ब्रदरने नळी पडून फुटू नये म्हणून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि तशीच घेऊन वॉर्डभर सलाईन लावत फिरला. दुसऱ्याने मोबाईलवर वीस मिनिटं लावली, मग त्याला घरून फोन आला, मग जेवण आलं, आणि तासाभराने नळी बघून तो आनंदाने माझ्याकडे आला. “मॅडम, गोठलं!” अरे बाबा, तासाभराने गोठलं याचा उपयोग काय? वीस मिनिटांनी काय होतं ते कोण सांगणार?

एकदा नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने हे रक्त जांभळ्या टोपणाच्या प्लास्टिकच्या नळीत घेतलं. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेलंच असतं; आम्ही ती वेगळ्या तपासण्यांना वापरतो. तिच्यात हत्तीचं रक्त घातलं तरी गोठायचं नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला घोणस चावली होती. ज्याला विंचू चावला होता त्यालासुद्धा.

म्हणून दुसरी नळी. आमच्या कामात याला गुणवत्ता नियंत्रण म्हणतात; शब्द मोठा आहे, काम लहान आहे. रुग्णाच्या नळीशेजारी तशीच दुसरी नळी ठेवायची आणि तिच्यात धडधाकट माणसाचं रक्त घालायचं. त्या माणसाचं रक्त गोठायलाच हवं. नाही गोठलं, तर दोष नळीत आहे आणि रुग्णाच्या नळीवरही विश्वास ठेवायचा नाही. हिला आम्ही कंट्रोलची नळी म्हणायचो. धडधाकट माणूस कोण, तर बरोबर आलेला नातेवाईक. आणि तो नेमका नाही म्हणायचा.

“साप तिले चावला. रक्त मायं कायले?”

“काका, नळी चांगली आहे की नाही ते बघायचंय.”

“नळी पाहाची तं नळी पाहा ना बाई. मले कायले टोचता?”

एका नवऱ्याने तर फार पुढचा विचार केला. “मायं गोठलं अन् तिचं नाई गोठलं,” तो म्हणाला, “तं ती जनमभर म्हणन, तुमीच चांगले होते तं साप तुमाले काहून नाई चावला?”

डॉक्टरांना गर्दी असायची, सिस्टरना वेळ नसायचा, नातेवाईक हात मागे घ्यायचे. दुसरी नळी रिकामीच राहायची. मी सांगत राहायची. माझ्यामागे मला ‘दुसरी नळी’ म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मालती सिस्टरांची गोष्ट वेगळी होती. त्या ज्या काळात शिकल्या तेव्हा सुया आणि सिरिंज उकळून पुन्हा वापरत. स्वच्छता ही त्यांची भक्ती होती. त्यांच्या वॉर्डात कुणाची जखम चिघळली नाही, कुणाच्या टाक्यांत पू झाला नाही, हे सगळा तालुका सांगायचा आणि ते खरं होतं. काचेच्या नळ्या कायम कमी यायच्या. म्हणून सिस्टर वापरलेल्या नळ्या टाकू देत नसत. साबणाच्या पावडरमध्ये भिजवायच्या, बारीक ब्रशने आतून घासायच्या, तीनतीनदा खळबळायच्या आणि खिडकीत उन्हात उलट्या लावून ठेवायच्या. दुपारी वॉर्डात शिरलं की आधी त्या नळ्याच चमकताना दिसत.

या तपासणीचं सगळं काम काचेमुळे चालतं. रक्त काचेला लागलं की गोठायला सुरुवात होते. साबणाने घासलेल्या नळीत, कितीही धुतली तरी, आतून एक पातळ थर राहतो. रक्ताला काच लागतच नाही. ते तसंच पातळ राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं विष चढलं.

हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल!

“मालतीताई, त्या नळ्या टाकून द्यायच्या असतात.”

“टाका म्हने! निरा आरशावानी लखलख करून ठेवल्या मी.”

“तेच नको आहे. साबणाच्या नळीत रक्त गोठत नाही.”

“म्हंजे घान नळीत गोठते अन् सोच्छ नळीत नाई? कोनत्या कॉलेजात शिकलात वो बाई तुमी?”

वॉर्डातले पेशंटसुद्धा हसायचे. मी नव्या नळ्या माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवत होते आणि लागतील तशा देत होते. त्या मागायला येत नसत. त्यांचा मान होता तो.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी दवाखाना उघडायच्या सुमारास एका तांड्यावरून ललिता नावाच्या बाईला ऑटोतून आणलं. वेचताना पायाला काहीतरी चावलं होतं. साप दिसला होता, पण कुठला ते कुणी पाहिलं नव्हतं. या खेपेला पिशवीत काही नव्हतं. नवरा कामासाठी दूर गेलेला. बरोबर सासरा होता, थावराबाबा. डोक्याला पांढरं फडकं, हातात कडुनिंबाची डहाळी.

आमच्याकडे साप चावलेल्याला कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही. गोड लागला तर चढलं. डॉक्टर लोक यावर चिडतात, आणि चिडणं बरोबरच आहे, कारण त्या पाल्यात वेळ जातो. थावराबाबांनी सुनेला ऑटोतच पाला चावायला दिला होता आणि तिला तो कधी कडू, कधी गोड लागत होता. ती इतकी घाबरली होती की तिला साखरही कळली नसती.

आमचे डॉक्टर तेव्हा सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉण्डवर आलेले, पुण्याकडचे, वयाने लहान पण कामाला नीट होते. त्यांनी पाय बघितला. दाताच्या खुणा होत्या, सूज फारशी नव्हती. हिरड्या ठीक. मालती सिस्टरांनी रक्त काढून नळीत सोडलं. मग थावराबाबा बोलले.

“डाक्टरसाहेब, हिले मांगंबी साप चावलता. तवा ते इंजेक्शन देल्लं तं हिचं तोंड सुजलं, सास बंद झाला. यवतमाळले नेलं तवा वाचली. ते नका देऊ.”

डॉक्टरांनी नळीकडे पाहिलं. सापाचं इंजेक्शन काहींना सोसत नाही, आणि ज्याला एकदा असं झालं त्याला पुन्हा होण्याची भीती जास्त. विष असेल तर ते सगळं पत्करून इंजेक्शन द्यायचंच, कारण न देणं म्हणजे मरण. पण विष नसताना दिलं, तर सापाने न मेलेली बाई आमच्या हातून मरायची. दोन्हींच्या मध्ये फक्त ती नळी होती.

वीस मिनिटांनी सिस्टरांनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

मी तेव्हा दुसऱ्याच कामासाठी वॉर्डात आले होते. डॉक्टरांनी रिॲक्शनची औषधं सिरिंजमध्ये भरून घेतली होती, यवतमाळला फोन लावला होता, आणि ते इंजेक्शन फोडायला सांगत होते. ललिता रडत नव्हती. ती सासऱ्याच्या धोतराचं टोक धरून बसली होती आणि तिच्या भाषेत ‘याडी, याडी’ म्हणत होती, म्हणजे आईला हाक मारत होती.

मी स्टँडकडे पाहिलं. नळी लखलखत होती.

“सिस्टर, नळी खिडकीतली का?”

“मंग कुठली?”

“दुसरी नळी लावली?”

“बाई, ही वेळ हाये का?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, पुस्तकात हे असतंच. पण त्या खिडकीतल्या नळ्यांत साबण जातो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. “नळी धुतलेली आहे?” त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “तीन पान्यातून काढलेली हाये, सर.” जणू कुणी त्यांच्या चारित्र्यावर बोललं होतं.

मी थावराबाबांना म्हटलं, बाबा, तुमचं थोडं रक्त द्या, कंट्रोल लावते. ते दोन पावलं मागे सरले.

“मले का साप चावला? मले कायले टोचता?”

माझा संयम संपला. त्यांच्या हातातल्या डहाळीकडे बोट दाखवून मी म्हटलं, “बाबा, हा पाला तुम्ही सुनेला दिला. कडू आहे की नाही ते तिला बिचारीला काय कळणार? घाबरलीय ती.”

बाबांना ते लागलं. “तसा नाई देल्ला,” ते म्हणाले. “पहिले म्या चावला. एखाद्या झाडाचा पालाच फिक्का असते. मले कडू लागला, मंगच तिले देल्ला. येवढं नाई समजत का आमाले?”

डॉक्टर मान खाली घालून हसले, त्या प्रसंगातही. वर्षानुवर्षं ज्या गोष्टीसाठी मी घसा कोरडा केला, ती या म्हाताऱ्याने ऑटोत बसून, न सांगता केली होती. पाल्याने विष कळत नाही, ती गोष्ट वेगळी. पण पाला आधी स्वतः चावावा हे त्यांना कळत होतं.

मालती सिस्टर लाल झाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, बाही वर केली आणि हात माझ्यासमोर धरला.

“घ्या. मायं घ्या. एकदाचा तुमचा जीव थंडा होऊ द्या.”

डॉक्टर म्हणाले, “वीस मिनिटं थांबतो. मध्ये तिला काही झालं तर थांबणार नाही.” ते ललिताच्या खाटेशी उभे राहिले, बोट तिच्या नाडीवर.

मी कपाटातून नव्या नळ्या आणल्या. मालती सिस्टरांचं रक्त एका धुतलेल्या नळीत घातलं आणि एका नव्या नळीत. ललिताचं रक्त पुन्हा काढून नव्या नळीत घातलं. तीन नळ्या स्टँडमध्ये उभ्या राहिल्या. त्या वीस मिनिटांत मालती सिस्टर स्टँडसमोरून हलल्या नाहीत. शेजारच्या खाटेवरची बाई बघायला आली तर तिच्यावर खेकसल्या, “दूर व्हा, हात नका लावू!” हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

वेळ झाल्यावर नळ्या त्यांनीच आडव्या केल्या. पहिली, धुतलेली, त्यांच्या स्वतःच्या रक्ताची. रक्त नळीच्या तोंडापर्यंत धावत आलं. दुसरी, नवी, त्यांच्याच रक्ताची. रक्त घट्ट बसलेलं होतं, हललं नाही. तिसरी ललिताची. तीही घट्ट.

सिस्टरांनी पहिली नळी पुन्हा आडवी करून पाहिली. मग म्हणाल्या, “म्हंजे मले साप चावला काय?”

थावराबाबा पुढे झाले. त्यांनी डहाळीवरची दोन पानं खुडली, एक स्वतःच्या तोंडात टाकलं, एक सिस्टरांच्या हातावर ठेवलं. “चावून पाहा, बाई.”

आणि सिस्टरांनी चावलं. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, पांढऱ्या गणवेशात, तोंड वेडंवाकडं करत म्हणाल्या, “कडू हाये, बाप्पा!” ललितासुद्धा हसली. मग तिला रडू फुटलं ते थांबेना.

तिला इंजेक्शन दिलं नाही. दिवसभर ठरलेल्या वेळी नळ्या लावल्या, नव्या. प्रत्येक वेळी रक्त गोठलं. दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी ऑटोत बसली. कधी कधी साप चावतो पण विष सोडत नाही, किंवा साप बिनविषारी असतो. तो कोणता होता ते आम्हाला कळलं नाही.

खिडकीतल्या नळ्या सिस्टरांनी त्याच दुपारी काढून टाकल्या. माझ्याशी त्या दोन-तीन दिवस बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या त्या थेट हुकूमच सोडायला: काच कमी पडली तर कपाटाचं कुलूप तोडीन. आणि त्यांनी मला नवीन ताप सुरू केला. नातेवाईक रक्त द्यायला नाही म्हणाला की त्या वाद घालत नसत. स्टूल ओढायच्या आणि स्वतःचा हात पुढे करायच्या. “त्यांच्यासंगं कोन डोकं लावन? मायं काढा.” दुसऱ्या नळीला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहायच्या, ‘मालती’. पुढे पुढे नातेवाईकाला विचारायचंही सोडून दिलं. त्यांच्या कोपराच्या खळगीत सुईच्या खुणांची रांग झाली.

मी पुन्हा कटकट सुरू केली. “ताई, दर वेळी तुमचंच रक्त बरं नाही. आणि कंट्रोलचा माणूस धडधाकट आहे हे माहीत पाहिजे. तुमची तपासणी कधी केलीय आपण?”

“मले काय धाड भरली?” त्या म्हणायच्या. “भरली असती तं तुमच्या नळीनं सांगलंच असतं.”

वर्षं गेली. पावसाळ्यात आणि वेचणीत नळ्या लागत राहिल्या. डॉक्टर बदलले. स्टँडवर कायम दोन नळ्या असायच्या, एक पेशंटच्या नावाची आणि एक मालती. नवीन येणाऱ्या मुलींना वाटायचं दुसऱ्या नळीचं नावच ते आहे. “सिस्टर, मालती लावली का?” असं विचारायच्या. मी दुरुस्त करायची, कंट्रोल म्हणा. कुणी ऐकत नसे.

मी निवृत्त व्हायच्या आधीचा पावसाळा. सोयाबीनमध्ये निंदण करताना एका माणसाला घोणस चावली. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, त्यामुळे डॉक्टरांना शंकाच नव्हती. त्यांनी नळीची वाट न बघता इंजेक्शन सुरू केलं. तो माणूस बरा झाला. पण नळ्या लावायच्या म्हणून आम्ही लावल्या होत्या. वीस मिनिटांनी सिस्टरांनी त्याची नळी आडवी केली. रक्त वाहिलं. मालतीची नळी आडवी केली. तेही वाहिलं.

मी भडकले. नळ्यांचा तो खोका नुकताच आलेला होता. मी जिल्ह्याच्या स्टोअरला फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोलले. काय पाठवता तुम्ही, कुठून घेता, माणसं मरतील. मग दुसरा खोका फोडला, वेगळ्या वेळी आलेला. पुन्हा सिस्टरांचं रक्त, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा पाणी. मी तोही खोका बाजूला सारला. कपाटाच्या तळाशी जुन्या नळ्यांचं एक पाकीट होतं, ते काढायला मी वाकले.

“बाई,” सिस्टर म्हणाल्या. “तुमचं रक्त काढा.”

“माझं कशाला? नळ्याच खराब—”

“काढा म्हनलं ना. दुसरी नळी. तुमीच सांगता ना?”

त्यांनी स्वतःच्या हाताने माझं रक्त काढलं. सुई लागल्याचं कळलंही नाही, इतका त्यांचा हात हलका. पहिल्याच खोक्यातली नळी घेतली. आम्ही दोघी स्टँडसमोर बसलो. बाहेर पावसाची सर येऊन गेली. त्यांचं रक्त काढताना मी रागात नळीकडेच बघत होते, आणि नंतर त्यांनी बाही लगेच मनगटापर्यंत ओढून घेतली होती. मधेच स्टँड सरळ करायला हात लांब केला तेव्हा बाही वर सरकली आणि मला त्यांच्या हातावरचे काळेनिळे डाग दिसले, सुईचे नव्हेत, मोठे, पसरलेले.

वेळ झाली. त्यांनी माझी नळी उचलली, आडवी केली. रक्त घट्ट होतं. त्यांनी ती उजेडात धरली, मग स्टँडमध्ये परत ठेवली.

“नळी चांगली हाये, बाई,” त्या म्हणाल्या.

नागपूरला नेलं. रक्ताचाच आजार निघाला. दात घासताना रक्त येत होतं, बरेच दिवस. त्यांनी ब्रश बदलला होता! दुसऱ्यांच्या हिरड्या रोज ओठ वर करून तपासणारी बाई. मला आजही त्यांचा राग येतो. नागपूरच्या वॉर्डात मी त्यांच्यावर ओरडलेसुद्धा. त्या म्हणाल्या, “ओरडू नका वो, हे यवतमाळचं स्टोअर नोहे.” आणि रक्त काढायला आलेल्या मुलीला विचारलं, नळी धुतलेली तं नाई ना? ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. सुरुवातीला औषधांनी बरं वाटलं, त्या घरी आल्या, आठवडाभर वॉर्डातही येऊन बसल्या आणि सगळ्यांच्या चुका काढल्या. आजार परत उलटला. यंदाच्या उन्हाळ्यात गेल्या.

परवा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले होते. पाय सवयीने वॉर्डात गेले. इन्चार्ज आता एक तरुण सिस्टर आहे. तिने मालतीताईंना पाहिलेलं नाही. एका खाटेवर साप चावलेला पोरगेला शेतकरी होता आणि ती त्याच्या मेव्हण्याशी हुज्जत घालत होती.

“दादा, मालती द्या तुमची. थोडंसंच लागते.”

“मालती म्हंजे काय?”

“दुसरी नळी. असतेच ते.”

मेव्हण्याने कुरकुरत हात पुढे केला. तिने रक्त काढलं, नळीत सोडलं, पट्टी चिकटवली आणि पेनाने ‘मालती’ लिहून ती पेशंटच्या नळीशेजारी उभी केली. मी सांगायला पुढे झाले की याला कंट्रोल म्हणतात, नाव ज्याचं रक्त आहे त्याचं लिहायचं असतं. जवळ गेले आणि कसं कोण जाणे, माझा हात त्या नळीकडे गेला.

“ओ मॅडम!” ती खेकसली. “दूर व्हा. वीस मिनिटं हात नाई लावाचा.”

मी हात मागे घेतला आणि स्टूल ओढून बसले.